ओरिजिनल की चालू

तलासरीच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, आत डोकं घालून नुसता वास घेतला आणि मला पहिला प्रश्न विचारला, "ताई, ओरिजिनल पाहिजे की चालू पाहिजे?"

जन्मभर शाळेत मराठी शिकवलं असल्यामुळे मला गाडीच्या आधी शब्द दिसला. गाडी चालू असते, महिना चालू असतो, माणूस चालू असतो आणि मालही चालू असतो. एवढे सगळे अर्थ एका शब्दात कोंबून मिस्त्री शांतपणे हात पुसत उभे होते. मी म्हटलं, "दोन्ही." एकाच प्रश्नाच्या दोन पर्यायांवर खूण करणाऱ्या मुलाकडे मी जशी बघायचे, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्यांचं गॅरेज अठ्ठेचाळीस नंबरच्या महामार्गालगत आहे. इकडची जुनी माणसं त्याला अजून आठ नंबरच म्हणतात. पुढे अच्छाडला महाराष्ट्र संपतो. रात्रंदिवस ट्रक जातात, बिघडतात, थांबतात; गॅरेजचं पोट त्यांच्यावर चालतं. अंगणात कुठल्या तरी ट्रकचं हाफ इंजिन निघालेलं असतं आणि त्याचा ड्रायव्हर बाजेवर झोपलेला असतो. अशा ठिकाणी टेम्पोवरून उतरवलेली आमची फियाट म्हणजे लग्नघरात चुकून आलेल्या शेजारच्या आजीसारखी दिसत होती. गॅरेजमधली पोरं भोवती जमली. त्यातल्या एकाने स्टीअरिंगखालचा गिअरचा दांडा हलवून पाहिला आणि विचारलं, "हे इंडिकेटर एवढं जड का आहे?"

गाडी १९६५ ची. फियाट अकराशे डी. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीने १९६४ मध्ये तिला डिलाइट असं गोड नाव देऊन बाजारात आणलं. हिच्या आधीची ती गोलमटोल, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी डुक्कर फियाट. हिच्या नंतरची, सगळ्यांना ठाऊक असलेली पद्मिनी. आमची मधली. मधल्या मुलीला घरात जे स्थान असतं तेच तिला मोटारींच्या इतिहासात आहे. बाबांनी ती घोलवडच्या एका इराणी बागायतदाराकडून जुनी म्हणून घेतली. बाबा डहाणूत डॉक्टर होते. सकाळचा दवाखाना उरकला की कंपाउंडरला शेजारी बसवून सायवन, उधवा, तलासरी असे जायचे. झरीला गेले की उशीर ठरलेला. तिथले म्हातारे १९४५ मध्ये वारल्यांनी वेठीला नकार दिला त्या दिवसांच्या गोष्टी काढत आणि बाबा औषधाची पेटी मांडीवर ठेवून ऐकत बसत. आई घरी जेवायची थांबलेली असे. ती गाडीला सवतच म्हणायची.

बाबा गेले आणि गाडी चिकूच्या झाडाखाली पत्र्याच्या शेडमध्ये गेली. तिथे ती किती वर्षं राहिली हे सांगायला मला संकोच वाटतो.

तिला बाहेर काढायचं निमित्त सरकारी होतं. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. फी वीस हजार रुपये, आणि नंबराच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए अशी खूण. एक अट मात्र मोठी. गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत फार मोठा बदल झालेला नको. 'मूळ रूप' हे शब्द वाचून मी निर्धास्त झाले. कारण बाबा घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी बॉनेट उघडून दाखवत आणि एकच वाक्य म्हणत, "अजून एकही पार्ट बाहेरचा नाही. सगळा कंपनीचा माल."

निवृत्तीनंतर माणसाला वाचायला वेळ मिळतो आणि थोडं वाचलेल्या माणसासारखं धोकादायक कोणी नसतं. मी या इंजिनाचं मूळ शोधायला लागले. ते १९३७ मध्ये निघालं, तुरिनमध्ये, दान्ते जाकोझा नावाच्या इंजिनिअरच्या हातून पार पडलेल्या बालिला अकराशे या गाडीत. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, चार सिलिंडरांचे मिळून १०८९ घन सेंटिमीटर. हेच आकडे पुढे कुर्ल्यात आले आणि २००० च्या सुमारास पद्मिनी बंद होईपर्यंत तसेच राहिले. मुंबईची काळीपिवळी ज्या मापावर धावली ते माप दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं.

पण माझी झोप उडाली ती दुसऱ्याच गोष्टीने. युद्ध संपल्यावर तुरिनच्याच पिएरो दुझिओने चिझितालिया नावाने शर्यतीच्या गाड्या काढल्या, त्यात हेच फियाटचं इंजिन घातलं. थोडं तासून, थोडं फुंकर घालून, पण हेच. तिच्या २०२ या मॉडेलला पिनिन फारिनाने असं अंग दिलं, की १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं त्यात ती होती, आणि पुढे ती त्यांच्या संग्रहातच गेली. १९४७ च्या मिल्ले मिलिया शर्यतीत चोपन्न वर्षांचा, आजाराने खंगलेला ताझिओ नुव्होलारी तिच्या उघड्या गाडीत बसला, कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागे टाकत राहिला, शेवटी पावसाने गाठलं आणि दुसरा आला. म्हणजे बाबा तापाचे पेशंट तपासायला उधव्याच्या चढावर ज्या इंजिनाला दुसऱ्या गिअरमध्ये कुंथायला लावत, ते स्पोर्ट्स कारचं काळीज होतं! माझ्या डोक्यात वारं शिरलं. आता प्रत्येक भाग मुळाबरहुकूम, कारखान्याच्या खोक्यातून निघालेलाच हवा.

मिस्त्री म्हणाले, "आधी उघडू द्या, मोजू द्या, मग माल आणा."

मी ऐकलं नाही. माझा भाचा तुरिनला शिकतो. फियाटच्या गावातच घरचं माणूस आहे म्हटल्यावर मोजायचं काय? मी त्याला लिहिलं: फियाट ११०० डी, १९६५, पिस्टनचा संच, रिंगांसकट, जुना पण न वापरलेला, कंपनीचाच. पोराने शोधून काढला. सुट्टीला आला तेव्हा कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणला. तेलकट कागद, त्यावर इटालियन अक्षरं, आत चार पिस्टन. इतके देखणे की मी ते देव्हाऱ्याशेजारी ठेवले. दुसऱ्या दिवशी तलासरीला नेले. मिस्त्रींनी व्हर्नियर लावला, आकडा वाचला, पुन्हा लावला.

"बहात्तर," ते म्हणाले.

नंतर कळलं ते असं. १९६२ पासून इटलीतल्या अकराशे डीचं इंजिन मोठं झालं होतं. व्यास ६८ चा ७२ केला, गाडी १२२१ घन सेंटिमीटरची झाली. कुर्ल्याने नाव घेतलं, अंग घेतलं, इंजिन मात्र जुनंच ठेवलं. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने मोटार कंपन्यांना बजावलं होतं, की नुसते परदेशी भाग जोडून गाड्या विकता येणार नाहीत, भाग इथे करा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली प्रीमियर राहिली आणि एकेक भाग कुर्ल्यात आणि कुर्ल्याच्या आसपास करायला शिकली. एवढ्या सायासाने जमवलेलं ६८ चं माप तुरिनने बदललं म्हणून इथे कोण बदलतो? त्यामुळे एकाच नावाच्या, एकाच साली जन्मलेल्या दोन गाड्या, आणि एकीचं काळीज दुसरीच्या छातीत बसत नाही. दोष भाच्याचा नाही, दुकानदाराचा तर मुळीच नाही. नाव बरोबर सांगितलं की वस्तू बरोबर येते, हा भाषा शिकवणारीचा भ्रम.

मग मी मुंबईच्या वाऱ्या सुरू केल्या. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल येते, त्यामुळे सकाळी निघून ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या दुकानांत फिरून, कुर्ला करून, रात्री परतता येतं. या फेऱ्यांत एक गोष्ट लक्षात आली. फियाटचे भाग इतकी वर्षं मिळत राहिले ते आमच्यासारख्या हौशी लोकांमुळे नव्हे, टॅक्सीवाल्यांमुळे. टॅक्सीला दर थोड्या दिवसांनी काहीतरी लागायचंच. म्हणून दुकानदार माल ठेवायचा, म्हणून कारखानदार माल काढायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली; वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर ती टॅक्सी म्हणून उरली नाही. वर्तमानपत्रांत हळवे लेख आले, लोकांनी फोटो काढले. दुकानदारांनी फळीवरची फियाटची खोकी मागे सारून पुढे दुसरी लावली. एका दुकानात म्हाताऱ्या मालकांनी शिडी लावून वरच्या फळीवरून एक संच काढला. कंपनीचं खोकं, कडा उंदराने कुरतडलेल्या, आत चार पिस्टन, ६८ चे, स्टँडर्ड. "घेऊन जा बेन," ते म्हणाले, "आता हे मागायला कोण येणार?" पैसे मात्र त्यांनी कोणीतरी मागायला येणार असल्यासारखे घेतले.

लोकलमध्ये मी ते खोकं मांडीवर ठेवून बसले होते. पालघर गेल्यावर गर्दी कमी झाली तेव्हा उघडून पाहिलं. फियाटमध्ये पिस्टनांचेही मापाप्रमाणे वर्ग पाडून त्यांवर अक्षरं ठोकायची रीत होती, कारण एकाच साच्यातून निघालेल्या नगांतही केसाएवढा फरक राहतोच. आमच्याकडे वाडीत बायका चिकू निवडायला बसतात, त्यांची आठवण झाली. त्यांना माप लागत नाही, बोटांनी कळतं.

चिकूवरून सांगते. आमच्या भागात चिकू पहिल्यांदा लागला तो घोलवडला, १८९८ च्या सुमारास. मूळचा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला. इथे त्याचं कलम बांधतात ते खिरणीच्या खुंटावर. खाली मूळ खिरणीचं, वर फांदी काळीपत्तीची. अशा या परदेशी फांदीच्या आणि देशी मुळांच्या फळाला २०१६ मध्ये 'डहाणू घोलवड चिकू' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मला त्याचा अभिमानच आहे. घोलवडचा चिकू अस्सलच असतो. खिरणीला कोणी विचारत नाही.

अखेर इंजिन उघडलं. मिस्त्रींनी हेड उतरवलं, खालून पिस्टन ढकलून काढले, ब्लॉक बोअरिंगवाल्याकडे वापीला पाठवला. तो परत आला तेव्हा त्यावर खडूने आकडे लिहिलेले होते. मिस्त्रींनी माझ्या कुरतडलेल्या खोक्यातला एक पिस्टन उचलला, सिलिंडरमध्ये सोडला आणि बोटाने हलवला. तो आत खुळखुळला. देवळातल्या घंटेच्या लोलकाला जशी जागा असते तशी जागा त्याला होती.

"हा ब्लॉक आधीच बोअर झालाय ताई. तुमचा माल कंपनीचा आहे, खरा आहे, पण याला लहान आहे."

"मग?"

"हाच घालायचा असेल तर चारही भोकं मोठी करून स्लीव्ह ठोकायच्या. मग आत अडुसष्ट करून देतो."

"स्लीव्ह कंपनीच्या मिळतील?"

मिस्त्री हसले. स्लीव्ह बाहेरच्याच. म्हणजे कंपनीचा पिस्टन बसवायचा तर कंपनीचा ब्लॉक पोखरून त्यात परकं लोखंड भरायचं. आणि बाबांच्या ब्लॉकला हात लावायचा नसेल, नुसता वरवर घासून घ्यायचा असेल, तर त्याहून मोठ्या मापाचे पिस्टन लागणार, आणि ते कंपनीच्या खोक्यात मिळणार नाहीत. झिजलेल्या नळ्यांची गोलाई बिघडते. ती पुन्हा गोल करायला भोक मोठं करावंच लागतं. वर्षानुवर्षांच्या धुळीने, चढांनी, अर्धवट तापलेल्या सकाळींनी त्या नळ्यांना जो आकार दिला त्याचं खोकं कुठल्याच कारखान्यात निघत नाही.

मी तरी हट्ट सोडला नाही. आमच्याकडे चिंचणी-वाणगावच्या पट्ट्यात घराघरांत डायमेकर आहेत. पोलादाच्या ठोकळ्यावर फुलाची पाकळी, मोराचा डोळा उलटा कोरतात; सोन्याचांदीचा पत्रा त्यावर दाबला की दागिना उमटतो. त्यातल्या एकाचा मुलगा माझा विद्यार्थी होता. त्याच्या वडिलांकडे मी जुना पिस्टन घेऊन गेले. त्यांनी तो हातात फिरवला, कडेवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाई, हे कोरायचं काम नाही, ओतायचं आहे. ॲल्युमिनियम, वर त्याचं मिश्रण, वर ताव. भट्टी लागेल." आणि भट्टी डहाणूत येणार नव्हती. २० जून १९९१ ला केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला तेव्हापासून प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना इथे दार बंद. औष्णिक वीज केंद्राचं धुरांडं तेवढं उभं आहे. बाकी भट्ट्या हद्दीपलीकडे. मला याचं वाईट वाटत नाही. ही हवा आहे म्हणून चिकू आहे. पण त्यांच्या ओसरीवर बसून असं वाटलं, की एवढे तरबेज हात शेजारी असून आपल्याला एक नळकांडं मिळू नये ही मोठी गंमत आहे.

परत आले तर गॅरेजमधला तो इंडिकेटरवाला पोरगा बाबांचे जुने पिस्टन पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशने घासत बसला होता. वरच्या चकतीवर कोळशाचा जाड थर होता. तो खरवडला गेला तसे खाली आकडे दिसायला लागले. त्याने पिस्टन उन्हात धरला. '०.४०'. आणि शेजारी एका वेगळ्याच कारखान्याचा शिक्का, ज्याचा फियाटशी किंवा प्रीमियरशी काही संबंध नव्हता.

अजून एकही पार्ट बाहेरचा नाही.

त्या रात्री मी बाबांची गाडीची वही काढली. ती मी कधी उघडली नव्हती. तेलाचे, पेट्रोलचे, पंक्चरचे हिशेब कशाला बघायचे? पेशंटच्या चिठ्ठीवर ज्यांचं अक्षर कोणाला लागत नसे त्यांनी ही वही सुवाच्य अक्षरात लिहिली होती. दरवाज्याचं रबर. मायकोचे प्लग चार. सोलेक्स कार्बुरेटर साफ केला. आणि एका पानावर, मधोमध: "बोअरिंग. कंपनीचे पिस्टन नाहीत, नंबर लावा म्हणाले. लोकल टाकले, ४० ओव्हर. गाडी आठ दिवस नव्हती. उधव्याला सायकलने."

खाली काही नाही. पुढच्या ओळीवर पुन्हा पेट्रोल.

म्हणजे पाहुण्यांना बॉनेट उघडून दाखवणारे बाबा साफ खोटं बोलत होते, आणि ते आम्हाला सगळ्यांना माहीत नसलं तरी कंपाउंडरला नक्की माहीत असणार. बाबांच्या दवाखान्यात तो मोठ्या बाटलीत मिक्श्चर करायचा, लहान बाटल्यांना कागदाची नक्षीदार पट्टी चिकटवून डोस पाडायचा. एखादा पेशंट हटून बसायचा, मला कंपनीचं औषध द्या. बाबा त्याला समजावत बसायचे, अरे, औषध तेच आहे. ते आठवून मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. मग हिशेब केला. ६८.४ चा व्यास धरला तर इंजिन ११०२ चं होतं. फॉर्म्युला ज्युनिअर नावाच्या शर्यती १९५० च्या दशकाच्या अखेरीस इटलीत निघाल्या, त्यात याच फियाट इंजिनाच्या स्टान्ग्वेलिनी गाड्या गाजल्या. तिथे मर्यादा होती ११०० ची. दोन घन सेंटिमीटरसाठी बाबा शर्यतीबाहेर!

सकाळी मिस्त्रींना फोन केला. "बोअर किती घ्यावा लागेल?"

"साठवर साफ होईल."

"मग साठचेच मागवा. लोकल."

ते जरा थांबले. "आणि ते खोक्यातले?"

तुरिनचे चार आणि कुर्ल्याचे चार असे आठ पिस्टन आता माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहेत. शब्दकोशाचे खंड कलंडू नयेत म्हणून त्यांचा फार चांगला उपयोग होतो.

साठचे पिस्टन दक्षिणेतून आले, साध्या खोक्यात. मिस्त्रींनी रिंगांची तोंडं एकमेकींपासून फिरवून बसवली, तेल लावलं, पट्टा आवळून एकेक पिस्टन हातोडीच्या लाकडी दांड्याने आत ठोकला. या वेळी खुळखुळ नव्हती. संध्याकाळी पहिल्यांदा सेल्फ मारला तेव्हा इंजिन दोनदा शिंकलं, निळा धूर सोडला, आणि लागलं. महामार्गावरून ट्रक जातच होते, त्यामुळे आवाज ऐकायला मला बॉनेटजवळ कान न्यावा लागला. तो इंडिकेटरवाला पोरगा आता शहाणा झाला होता. त्याने दांडा पहिल्यात टाकून गाडी अंगणात हातभर पुढे नेली.

"पहिले हजार किलोमीटर पळवायची नाही," मिस्त्रींनी बजावलं. "पन्नासच्या वर नाही. नुव्होलारी व्हायचं नाही." ते नाव मीच त्यांना सांगितलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा.

व्हिंटेजच्या अर्जासाठी आरसी बुक लागणार म्हणून मी ते बरोबर आणलं होतं. पिवळी पडलेली पानं, जिल्हा ठाणे. पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला, तेव्हा गाडी शेडमध्ये होती. आत निळ्या शाईने इंजिनची क्षमता लिहिली होती: १०८९. मी पाठच्या पानावर पेन्सिलीने गुणाकार केला. ६८.६ चे जवळजवळ ११०९ येतात. पेन्सिलीचा आकडा खोडला, पुस्तक मिटलं आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात बाबांच्या वहीखाली ठेवून दिलं.